अडीअडचणीचा पैसा

१९७५ साली सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरला आणि अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या कंझऱ्याला काही माणसे वह्या घेऊन मुक्कामाला आली. हैदराबादजवळ पाटणचेरूला कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने त्यांना पाठवले होते. प्रत्येक गावातली चाळीस घरे निवडली गेली. दहा भूमिहीन मजुरांची, बाकीची लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जायचे आणि तेच विचारायचे: मजुरीचे दिवस किती भरले, ज्वारी किती पोती झाली, त्यातली घरात किती ठेवली, वाण्याची उधारी किती झाली, बैल घेतला की विकला, उसने कोणाकडून आणले. हे काम जवळपास दहा वर्षे चालले.

त्या वह्यांवर पुढे जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी काम केले. रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने शिरापूर, कंझरा आणि तेव्हाच्या आंध्रातल्या महबूबनगर जिल्ह्यातले औरेपल्ली या तीन गावांवर १९९४ मध्ये शोधनिबंध लिहिला. एखाद्या घराचे उत्पन्न एका वर्षी पार कोसळले तरी त्या घराचे खाणेपिणे तेवढे कोसळत नाही, ते गावाच्या सरासरीबरोबर खालीवर होते, असे त्याला दिसले. म्हणजे गाव आपल्या परीने विम्याचे काम करत होते. शेजारी पायलीभर ज्वारी देतो, सोयरा बियाणे देतो, दुकानदार थांबतो. विमा कंपनी नाही, कागद नाही, हप्ता नाही. पण या व्यवस्थेत एक मोठे भोक होते. दुष्काळ पडतो तेव्हा तो एकट्याच्या शिवारात पडत नाही. गावाची सरासरीच खाली जाते, आणि मग उसने द्यायला कोणाकडेच काही उरत नाही. शिवाय या आधारात भूमिहीनांचा वाटा सगळीकडे सारखा नव्हता. तीनपैकी एका गावात ते शेजाऱ्यांपेक्षा जास्त उघड्यावर असल्याचे आकड्यांतून दिसले.

मग माणसे काय करत होती? मार्क रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी याच वह्यांतले बैल मोजले. नापिकीच्या वर्षी बैल बाजारात जातात, बऱ्या वर्षी परत घेतले जातात. शेतकऱ्याच्या लेखी बैल हे औतही होते आणि बँकेतली ठेवही. त्यात अडचण अशी की, ठेव मोडली की पुढच्या हंगामात नांगरट वेळेवर होत नाही. जे विकून वर्ष काढायचे, त्याच्यावरच पुढचे वर्ष उभे असते. रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी तर लेकींची लग्ने तपासली. ज्या घराचे शेतीउत्पन्न अधिक बेभरवशाचे, ते घर लेक लांबच्या गावी देते. लांबचा पाऊस वेगळा, म्हणून लांबचे व्याही अडचणीच्या वर्षी उपयोगी पडतात. सोयरीक जुळवताना कोणी हा हिशेब बोलून दाखवत नाही. आकड्यांत मात्र तो दिसतो, आणि अशी सोयरीक असलेल्या घरांत अन्नावरचा खर्च कमी हेलकावे खातो, हेही दिसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महाग. पाऊस कधी येईल याची खात्री नसली की गरीब शेतकरी कमी धोक्याचे आणि म्हणून कमी उत्पन्नाचे पीक, कमी खत, स्वस्त बियाणे असे धोरण धरतो. रोझेनझ्वाइग आणि हान्स बिन्सवांगर यांनी १९९३ मध्ये याची किंमत काढली. पावसाच्या आगमनातली अनिश्चितता सांख्यिकीच्या मापाने एक पायरी खाली आली, तर सर्वांत गरीब पाव हिश्श्यातल्या घरांचा नफा ३५ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल. श्रीमंत शेतकऱ्याला असा फरक जवळजवळ पडत नाही, कारण त्याला एका वाईट वर्षाची भीती नसते. गरीब माणूस विम्याचा हप्ता भरत नाही असे म्हणणारे चुकतात. तो दरवर्षी भरतो, न पिकवलेल्या पिकातून भरतो.

सामाजिक विमा आला म्हणजे घराच्या खर्चाचे आणि बचतीचे काय होते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. तो सहसा एकाच प्रश्नात आटोपला जातो: सरकारने म्हातारपणाची, आजारपणाची, बेकारीची सोय केली तर माणसे बचत करायची सोडतील का? प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. शिरापूरच्या वह्या सांगतात की बचत या एका नावाखाली निरनिराळ्या गोष्टी असतात. विहीर खणायला साठवलेला पैसा एक आणि भीतीपोटी डब्यात, गोठ्यात, अंगावरच्या सोन्यात अडकवलेला पैसा दुसरा. विमा हात घालतो तो मुख्यतः दुसऱ्यात. आणि तेही केव्हा, तर विमा खरोखर मिळणार असा घराचा भरवसा बसतो तेव्हाच. पुढचे सगळे विवेचन या भरवशाभोवती आहे.

आधी या प्रश्नाचे गाजलेले भांडण. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वृद्धत्वाचा विमा कायद्याने आणला. अमेरिकेने १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा केला आणि जानेवारी १९४० मध्ये पहिला मासिक धनादेश व्हर्मांट राज्यातल्या आयडा मे फुलर या निवृत्त बाईंना मिळाला: २२ डॉलर ५४ सेंट. त्यांनी तीन वर्षांत भरले होते एकूण २४ डॉलर ७५ सेंट. बाई शंभर वर्षे जगल्या आणि त्यांना एकूण २२,८८८ डॉलर ९२ सेंट मिळाले. यात जादू नव्हती. आजच्या कामगाराकडून घ्यायचे आणि आजच्या वृद्धाला द्यायचे, अशी ती पद्धत होती. पैसा मध्ये फारसा कुठे साठतच नव्हता.

इथेच मार्टिन फेल्डस्टीन यांनी १९७४ मध्ये बोट ठेवले. कामगाराला वाटते की आपण निवृत्तीसाठी पैसे भरतो आहोत, म्हणून तो घरी कमी साठवतो. पण सरकार तो पैसा साठवत नाही, वाटून टाकते. मग देशाची बचत घटणारच. त्यांच्या गणितानुसार या योजनेने अमेरिकेतली खासगी बचत जवळजवळ निम्म्यावर आणली होती. हा आकडा वर्तमानपत्रांतून फिरला, राजकारण्यांनी उचलला. सहा वर्षांनी सामाजिक सुरक्षा खात्यातलेच दोन अर्थतज्ज्ञ, डीन लायमर आणि सेलिग लेस्नॉय, तेच गणित पुन्हा मांडायला बसले आणि त्यांना फेल्डस्टीन यांच्या संगणक आज्ञावलीत चूक सापडली. ती दुरुस्त केल्यावर निम्म्या बचतीचा दावा उभा राहीना. फेल्डस्टीन यांनी चूक मान्य केली, नव्या आकड्यांसह आपले म्हणणे पुन्हा मांडले, आणि त्याच वर्षी, १९८२ मध्ये, ते राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्षही झाले.

संगणकातली चूक ही या प्रकरणाची गमतीची बाजू. खरी महत्त्वाची गोष्ट लायमर-लेस्नॉय यांनी दुसरी सांगितली होती. माणसाला भविष्यात किती निवृत्तिवेतन मिळेल असे वाटते, हे आपण जसे गृहीत धरू तसे उत्तर बदलते. कायद्यात काय लिहिले आहे याने बचत ठरत नाही. घरच्या माणसाने आपल्या मनात काय धरले आहे याने ठरते. हा मुद्दा अमेरिकेच्या वादात थोडा मागे पडला. चीनमध्ये तो लख्ख पुढे आला.

चीनमध्ये नव्वदच्या दशकात सरकारी कारखाने बंद पडले किंवा आकसले. त्यांच्याबरोबर कारखान्याचे घर, दवाखाना, शाळा आणि निवृत्तिवेतन हे सगळे गेले. शहरी घरांची बचत पुढच्या वर्षांत वाढत गेली. माणसे श्रीमंत होत होती आणि तरीही हात आखडत होती. खेड्यात तर सहकारी दवाखाने आधीच मोडले होते. २००३ मध्ये सरकारने ग्रामीण भागासाठी नवी सहकारी वैद्यकीय योजना सुरू केली आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने नेली. त्यामुळे योजना आलेल्या आणि न आलेल्या भागांची तुलना करता आली. बाय चोंग-एन आणि वू बिनझेन यांनी ती केली. विमा मिळालेल्या घरांनी औषधपाणी सोडून इतर गोष्टींवरचा खर्च पाच टक्क्यांहून अधिक वाढवला होता. त्या वर्षी घरात कोणी आजारी पडले नसले तरी वाढवला होता. म्हणजे दवाखान्याचे बिल वाचले म्हणून पैसे खर्चायला मिळाले असे नव्हे. भीती कमी झाली म्हणून डब्यातला पैसा बाहेर आला.

पण त्याच अभ्यासातले पुढचे वाक्य प्रत्येक मंत्रालयात फ्रेम करून लावावे असे आहे. हा परिणाम फक्त त्या गावांत दिसला, जिथे कोणा ना कोणा घराला विम्याचे पैसे प्रत्यक्ष परत मिळाले होते. नुसते नाव नोंदवलेल्या गावांत खर्च हलला नाही. आणि ज्या गावांत पैसे मिळाले होते तिथेही नुकत्याच सामील झालेल्या घरांपेक्षा वर्षभराहून अधिक काळ योजनेत असलेल्या घरांनी हात जास्त सैल सोडला. शेजारच्या घरात पैसे आलेले पाहिले, मग विश्वास बसला. यात चिनी असे काहीच नाही. आपल्याकडे पतसंस्थेत ठेव ठेवताना माणूस आधी कोणाला विचारतो? ज्याची ठेव मुदतीला परत मिळाली त्याला.

तैवानने मार्च १९९५ मध्ये सर्व नागरिकांसाठी आरोग्यविमा लागू केला, तेव्हाही घरांची भीतीपोटीची बचत लक्षणीय घटल्याचे पुढच्या अभ्यासांत दिसले. अमेरिकेत जोनाथन ग्रुबर यांनी बेकारीविम्याचे पाहिले: नोकरी गेल्यावर घराचा अन्नावरचा खर्च सरासरी सुमारे सात टक्क्यांनी घटतो; विमा नसता तर तो २२ टक्क्यांनी घटला असता. ताटातली तेवढी पोळी कमी होणे किंवा न होणे हा सामाजिक विम्याचा सर्वांत साधा हिशेब आहे.

आता घरी येऊ. महाराष्ट्राने या विषयात दोन गोष्टी देशाच्या कितीतरी आधी केल्या आणि दोन्हींची चर्चा आर्थिक विमा म्हणून फार कमी होते. पहिली रोजगार हमी. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या आपल्या विसापूर गावी तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारपावतीवर आजही ‘पी. टी. २००’ असा जो आकडा दिसतो, त्याचा उगम मजुराच्या दुष्काळी कामात आहे. शहराने हप्ता भरायचा आणि खेड्याला अडचणीत काम मिळायचे: हा विमाच झाला, फक्त त्याला कोणी पॉलिसी म्हटले नाही.

त्याचा परिणामही शिरापूर-कंझऱ्याच्या वह्यांतून दिसतो. हमी असलेल्या या दोन गावांत भूमिहीनांच्या उत्पन्नातला वर्षावर्षाचा चढउतार, हमी नसलेल्या औरेपल्लीच्या मानाने जवळजवळ निम्मा होता. पुढे राष्ट्रीय रोजगार हमी आल्यावर आंध्रात एस्थर गेर्के यांना असे आढळले की, हमीचे काम मिळेल अशी खात्री असलेली घरे कापसासारख्या अधिक धोक्याच्या, पण अधिक पैसे देणाऱ्या पिकाकडे वळतात. हमीचे काम प्रत्यक्ष केलेच पाहिजे असे नाही. ते मागितले तर मिळेल एवढे पुरते. रोजगार हमी योजनेवर टीका करताना रस्ते वाहून गेले, तलावात गाळ भरला, असे सांगितले जाते आणि त्यात तथ्यही असते. पण रस्त्याच्या खडीत न मोजता येणारा हा लाभ टीकाकारांच्या हिशेबात येत नाही.

दुसरी गोष्ट पीकविमा, आणि इथे चित्र मिश्र आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये पीकविम्याची जी रचना मांडली, ती आजही देशभर चालते. त्यांचा प्रश्न व्यवहारी होता. कोट्यवधी तुकड्यांच्या शेतीत प्रत्येकाचे नुकसान कोण जाऊन पाहणार? आणि पाहिले तरी पीक पावसाने गेले की हयगयीने, हे कोण ठरवणार? त्यांचे उत्तर असे: शेतकऱ्याच्या शेताचा विमा नको, परिसराचा करा. परिसराचे सरासरी उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेले तर सगळ्यांना सारख्या प्रमाणात भरपाई. कोणाच्या हयगयीने परिसराची सरासरी हलत नाही, म्हणून लबाडीला वाव नाही, आणि कष्टाळू शेतकऱ्याचे जास्तीचे पीक त्याचे त्यालाच राहते. १९७९ मध्ये या तत्त्वावर प्रायोगिक योजना सुरू झाली, १९८५ मध्ये देशव्यापी झाली, आणि २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजना त्याच पायावर उभी आहे.

रचना बुद्धिमान आहे, पण बांधावर उभे राहून ती कशी दिसते ते पाहू. समजा एका महसूल मंडळात सोयाबीनचे सरासरी उत्पन्न एकरी दहा क्विंटल धरले आहे. महाराष्ट्रात जोखीमस्तर ७० टक्के, म्हणजे उंबरठा उत्पन्न झाले सात क्विंटल. पीक कापणी प्रयोगांत मंडळाची सरासरी साडेसात निघाली. एका शेतकऱ्याच्या रानात पाणी साचून तीनच क्विंटल आले. त्याला उंबरठा उत्पन्नाच्या हिशेबात छदाम मिळत नाही. शेजारच्या मंडळात सरासरी साडेसहा, तिथे ज्याचे आठ झाले त्यालाही भरपाई. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे, दोघांच्या हप्त्यात हा धोका आधीच धरलेला आहे. पण त्या तीन क्विंटलवाल्याला दांडेकरांचे तत्त्व कोण समजावणार? तो एवढेच शिकतो की विमा बेभरवशाचा, आणि पुढच्या वर्षी बियाणे पुन्हा स्वस्तातले घेतो. स्थानिक आपत्तीत ७२ तासांत पूर्वसूचना देण्याची जी सोय होती, ती हे भोक बुजवण्यासाठीच होती. पण ७२ तासांत ओल्या रानातून मोबाइलवर तक्रार नोंदवणे आणि मग पंचनाम्याची वाट पाहणे यात अनेकांचा धीर सुटला.

२०२३ च्या खरिपात राज्याने शेतकऱ्याचा हप्ता एक रुपया केला. अर्ज भरमसाट वाढले, त्यांत बोगसही निघाले, आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद होऊन पुन्हा खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्के हप्ता लागू झाला. इथे एक मत स्पष्ट मांडायला हवे. हप्ता स्वस्त करण्याने विश्वास विकत मिळत नाही. रुपयात घेतलेली पॉलिसी शेतकरी लॉटरीच्या तिकिटासारखी धरतो: लागली तर लागली. तिच्या जोरावर कोणी खताचे एक पोते जास्त टाकत नाही. ते तो टाकील, जर गेल्या वर्षीची भरपाई पुढच्या पेरणीच्या आत खात्यात पडली असेल तर.

शहरी कामगाराकडे वळू. चाकण किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्यात १८,००० रुपये पगार आणि त्यात मूळ पगार-महागाई भत्ता मिळून १५,००० असलेल्या कामगाराची पगारपावती हातात घेतली, तर कपातीच्या रकान्यात असे दिसेल: पी. एफ. १,८००, ई. एस. आय. (कामगार राज्य विमा) १३५, व्यवसाय कर २००. मालक त्यावर पी. एफ.चे १,८०० आणि ई. एस. आय.चे ५८५ घालतो. व्यवसाय कर सोडून हे सगळे मिळून ४,३२० रुपये होतात, पगाराच्या बरोबर २४ टक्के. अठरा हजारांवर संसार चालवणाऱ्या घरासाठी ही सक्तीची बचत लहान नाही. मग या घराने स्वतःहून बचत करणे थांबवले असेल, असे फेल्डस्टीन यांचे गणित सांगते. प्रत्यक्षात त्याच घरात भिशी असते, एलआयसीचा हप्ता असतो, दिवाळीला ग्रॅमभर का होईना सोने येते.

का, ते पावतीच्या पुढच्या भागात कळते. मालकाच्या १,८०० मधले १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात. त्या योजनेचे सूत्र असे: पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,०००, सेवा ३५ वर्षे धरली तरी महिना ७,५०० रुपये होतात. ते महागाईबरोबर वाढत नाहीत. आणि ज्यांची सेवा तुटक, पगार कमी, त्यांच्यासाठी २०१४ पासून किमान रक्कम आहे महिना १,००० रुपये. कामगाराला सूत्र पाठ नसते, पण शेजारचे निवृत्त काका महिन्याला काय आणतात हे त्याला ठाऊक असते. त्याच्या मनातले निवृत्तिवेतन काकांच्या पासबुकावरून ठरते.

पी. एफ.चेही असेच. नोकरी बदलली की ‘पी. एफ. काढला’ हे वाक्य औद्योगिक वसाहतीत सर्रास ऐकू येते. लग्न, घर, आजारपण यांसाठी आगाऊ रक्कम काढण्याची सोय आहेच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सरकारने खात्यातली ७५ टक्के शिल्लक किंवा तीन महिन्यांचा पगार, यांतली कमी असेल ती रक्कम काढण्याची मुभा दिली. ती योग्यच होती. पण तिचा अर्थ असा की, बेकारीच्या महिन्यांचा खर्च कामगाराने आपल्या म्हातारपणातून भागवला. ई. एस. आय.मध्ये २०१८ पासून बेकारीभत्ता आहे, २०२० मध्ये तो सरासरी रोजच्या पगाराच्या ५० टक्क्यांवर नेला, ९० दिवसांसाठी. आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. हे हक्क ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्या घरखर्चावर त्यांचा काहीही परिणाम होणार नाही. माहीत नसलेल्या विम्यावर विसंबून कोणी चप्पलही घेत नाही. आणि ज्यांना माहीत आहे, त्यांना २१,००० रुपयांची मर्यादा भेडसावते: पगार तिच्यावर गेला की काही महिन्यांत ई. एस. आय. सुटते. २०१७ पासून पगार वाढत गेले, मर्यादा तिथेच राहिली. पगारवाढ मिळालेल्या घराला त्याच वर्षी दवाखान्यासाठी पैसे वेगळे काढायला लागावे, हा उलटा न्याय आहे.

या सगळ्याची कल्पना पूर्वी कोणी केली नव्हती असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात असे मांडले की, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा. कारणे दोन दिली. राज्याची सारी साधने मागे उभी असल्याने माणसाला खासगी कंपनीपेक्षा पक्की हमी मिळते. आणि राज्याला नियोजनासाठी पैसा मिळतो, बाजारातून चढ्या व्याजाने कर्ज काढावे लागत नाही. फेल्डस्टीन यांच्या शंकेला सत्तावीस वर्षे आधीच दिलेले हे उत्तर होते: विम्याचा पैसा वाटून टाकू नका, गुंतवा. नऊ वर्षांनी, १९५६ मध्ये, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा या विचाराचा अर्धा भाग प्रत्यक्षात आला. सक्तीचा आणि सार्वत्रिक हा उरलेला अर्धा राहून गेला.

निवृत्तिवेतनाचा भरवसा तुटला की काय होते, हे शिक्षकांच्या खोलीत बसून पाहता येते. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या गुरुजींना शेवटच्या पगाराच्या निम्म्याची हमी; नंतर लागलेल्यांच्या वाट्याला बाजाराच्या हवाली केलेले खाते आले. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले. तिजोरीच्या बाजूने पाहिले तर जुनी पेन्शन पेलणे कठीण आहे, हे खरेच आहे. पण संप करणारे रकमेपेक्षा खात्री मागत होते, हेही तितकेच खरे. आणि केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून जी नवी योजना आणली, तिच्यात ठरावीक सेवेनंतर सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी परत आणावी लागली.

आजारपणाच्या विम्यात देशाचे आकडे उत्साह वाढवणारे आहेत. एकूण आरोग्यखर्चातला घराच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची झाली. दीड लाखाचे संरक्षण पुढे पाच लाखांवर गेले आणि ती सर्व कुटुंबांना खुली झाली. कर्नाटकात अशाच योजनेचा अभ्यास झाला तेव्हा रुग्णालयावरचा खिशातला खर्च सुमारे एक तृतीयांशाने घटलेला दिसला. तरी घरात रोकड ठेवण्याची सवय सुटत नाही, आणि ती अडाणीपणाने नाही. योजना भरती झाल्यावर लागू होते. त्याआधीच्या तपासण्या, बाहेरून आणायची औषधे, गावाहून जिल्ह्याला जायची गाडी, रुग्णाबरोबर थांबलेल्याची बुडालेली मजुरी हे सगळे रोखीत जाते. रात्री अपघात झाला, जवळचे रुग्णालय अंगीकृत नाही, किंवा आहे पण मंजुरी यायची आहे तोवर अनामत भरा म्हणते: ज्या घराने हा अनुभव एकदा घेतला, ते पुढे पाच लाखांच्या कार्डाबरोबर दहा हजारांची रोकडही ठेवते. सरकारने विम्यावर खर्च केला आणि घराची भीतीची बचतही जागच्या जागी राहिली.

बचतीला उघड शिक्षा करणाऱ्या विम्याबद्दलही बोलले पाहिजे. अमेरिकेतल्या गरिबांच्या वैद्यकीय मदतयोजनेत काही ठिकाणी मालमत्तेची अट होती. खात्यात ठरावीक रकमेपेक्षा जास्त असेल तर मदत नाही. ग्रुबर आणि येलोविट्झ यांनी १९९९ मध्ये दाखवले की, ही योजना घरांची साठवण घटवते, आणि जिथे मालमत्तेची अट आहे तिथे दुपटीहून जास्त घटवते. आपल्या श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांत वर्षानुवर्षे उत्पन्नाची मर्यादा होती वर्षाला २१,००० रुपये. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये झाली. म्हणजे ६८ दिवस हमीचे काम केलेला माणूस कागदावर निराधार उरत नाही. मग तहसीलदार कचेरीत उत्पन्नाचा दाखला कसा मिळतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. प्रामाणिकपणे चार पैसे कमावून बँकेत ठेवणाऱ्याला बाहेर काढणारी अट घराला एकच शिकवते: जे असेल ते दिसणार नाही असे ठेवा. सोने त्यासाठी फार सोयीचे.

आणि पैसा कोणाच्या हाती पडतो यानेही खर्च बदलतो. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय वृद्धांना पुरेसे मोठे निवृत्तिवेतन नव्वदच्या दशकात मिळू लागले, तेव्हा एस्थर द्युफ्लो यांना दिसले की ते आजीला मिळाले तर नातींचे वजन-उंची सुधारते. आजोबांना मिळाले तर तसे होत नाही. २०२३ पासून महाराष्ट्रात निराधार वृद्धांना महिना १,५०० रुपये मिळतात. वृद्धेला ते वेळेवर मिळाले तर सुनेच्या हातात साखर-तेलाचे पैसे पडतात, नातवाला वही येते. दोन-तीन महिने थकून एकदम मिळाले तर तोवर झालेली उधारी फेडण्यात जातात. रक्कम तीच, घरखर्च वेगळा.

म्हणून मागणी छोटी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. पीकविमा, फुले योजना, निराधार अनुदान, पी. एफ. यांचे वार्षिक अहवाल लाभार्थी किती आणि कोटी किती हे ठळकपणे छापतात. त्याच तक्त्यात तेवढाच ठळक आणखी एक रकाना असावा: अर्ज केल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस लागले, तालुकावार. तो दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, आणि ग्रामसभेत कोणीतरी उठून तो मोठ्याने वाचावा.